अर्थ लागत नाही

गाडीत बाहेरून बसवलेला स्टिरिओ चालता चालता बंद पडायला लागला, की दुकानात ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, सेट गेलाय. नवीन टाकून घ्या." हे ऐकून लगेच खिशात हात घालू नका, एवढंच मला आज सांगायचंय. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण आहे आणि ते जरा लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

हल्लीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डमध्येच मुरलेली येते, त्यांना हे लागू नाही. पण बेस मॉडेल घेऊन म्युझिक सिस्टिम बाहेरून टाकून घेणारे, किंवा सेकंडहँड गाडीत अँड्रॉइडचा मोठा पडदा बसवणारे आपल्यात भरपूर आहेत. हापिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, कळेल.

आता "सेट गेलाय" या निदानात गडबड काय आहे? सेट खरंच गेला असता तर तो उभ्या गाडीतही गेलेलाच राहिला असता. हा पठ्ठ्या उभ्या गाडीत तासभर वाजतो, आणि सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर आला की गप्प होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्टमध्ये 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस' स्वच्छ लिहिलेल्या आहेत आणि त्या न वाचताच आपण सर्व्हर बदलायला निघालोय.

उभ्या गाडीत आणि चालत्या गाडीत फरक तरी काय? हादरे आणि उष्णता. आणि व्होल्टेज. पण ते उलट्या दिशेने. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट असतात. इंजिन सुरू झालं की आल्टरनेटर ते 13.8 ते 14.4 पर्यंत नेतो. म्हणजे चालत्या गाडीत सेटला उभ्या गाडीपेक्षा जास्त मिळायला हवं. तरीही तो चालतानाच बंद पडत असेल, तर पहिला संशय सेटवर न घेता सेटपर्यंतच्या वाटेवर घ्यावा.

परवा एका मित्राचा फोन आला तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "बंद होऊन परत चालू झाला की घड्याळ बरोबर असतं का रे?"

"तुला घड्याळाशी काय करायचंय? मला गाणी ऐकायचीत."

पण घड्याळाशीच करायचंय! सेटच्या मागे वायरींचं जंगल दिसतं खरं, पण त्याला जिवंत ठेवणाऱ्या वायरी तीनच. पिवळी थेट बॅटरीवरून येते, किल्ली काढली तरी चालू असते आणि सेटची स्मरणशक्ती सांभाळते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद होते, तिचं काम सेटला 'ऊठ' आणि 'झोप' सांगणं. काळी म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली परतीची वाट. बाहेरच्या सेटवर हे रंग बहुधा असेच असतात. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि काही गाड्यांत, विशेषतः जुन्या फोक्सवॅगनमध्ये, कपलरवर पिवळ्या-लाल वायरींच्या जागा उलट असतात. तेव्हा रंग बघून जोडू नका, मोजून जोडा.

आता घड्याळ. सेट बंद होऊन परत आला आणि घड्याळ, रेडिओची स्टेशनं जागेवर असली, तर पिवळी आणि काळी शाबूत आहेत, लाल सुटतेय. सगळं विसरून आला, तर पिवळी किंवा काळी गेली. अँड्रॉइडच्या सेटमध्ये घड्याळ पुष्कळदा फोनवरून किंवा जीपीएसवरून परत लागतं, तिथे लोगो बघा. गाणं पटकन पुढे सुरू झालं तर लाल. सुरुवातीचा लोगो येऊन अर्धा मिनिट चक्र फिरत बसलं तर पिवळी किंवा काळी. एक पैसा खर्च न करता, पॅनेलचा एक स्क्रू न काढता निम्मा शोध संपला. (हे गाडी चालवताना स्वतः बघू नका. शेजारच्या सीटवर कोणीतरी बसवा, घरात मेहुणा वगैरे असतोच.)

पडदा चालूच राहिला आणि फक्त आवाज गेला, तर प्रकरण वेगळं. तिथे स्पीकरची वायर बॉडीला टेकते आहे का ते बघायचं, आणि सुरुवात दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीपासून करायची, कारण दार हजारो वेळा उघडतं-मिटतं आणि वायर तिथेच सोलते. फक्त फोन जोडलेला असतानाच गडबड होते? मग आधी फोन बदलून बघा.

मित्राच्या गाडीत लोगो येत होता. म्हणजे पिवळी किंवा काळी. शिवाय बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या लेखी तक्रारच नव्हती : गेले दोन-तीन महिने रेस दिली की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि रेस वाढली की शिट्टी चढायची. हा आल्टरनेटरचा आवाज. तो ऐकू आला की मी तरी आधी अर्थवर संशय घेतो. दुकानदाराने त्याला अठरा हजारांच्या नव्या सेटचा आकडा दिला होता. मी म्हटलं, आधी कात्रजच्या बाजूला एक वायरिंगवाले काका आहेत, त्यांच्याकडे जाऊ.

काकांनी सेट बाहेर ओढला, वाजत ठेवला आणि मागून अँटेनाची पिन उपटली. सेट मेला! पिन लावली, सेट जिवंत. मित्र माझ्याकडे बघायला लागला. रेडिओ लावलेलाच नव्हता, गाणी पेनड्राइव्हवरून चालली होती. अँटेना काढल्यावर पेनड्राइव्ह का बंद पडावा?

कारण सेटचा अर्थ अँटेनामधून चालला होता. अँटेनाच्या केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं. काळी वायर नीट लागलेली नसली, की करंट परतीची जी वाट मिळेल ती धरतो, आणि इथे ती वाट होती अँटेनाची जाळी. ती काही अँपिअर वाहून न्यायला बनवलेलीच नाही. खड्ड्यात पिन जरा हलली की सगळा सेट आडवा. काकांनी हात घालून काळ्या वायरीचं टोक शोधलं तर ती डॅशबोर्डमागच्या एका रंगवलेल्या पट्टीला पत्र्याच्या स्क्रूने अडकवलेली. खाली रंग, वर गंज. सेट बसवणाऱ्याने गाडीचा मूळ कपलर कापून टाकला होता आणि काळीला जिथे जागा दिसली तिथे स्क्रू मारला होता.

इथे एक गंमत सांगतो, कारण आपल्यासारखे डिजिटल मल्टीमीटरवाले यात हमखास फसतात. अशा सडक्या जोडावर मीटर लावला तर तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एक तार शिल्लक असली तरी त्याला ती पुरते. काकांकडे इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब होता, दोन वायरी डकवलेला. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. अँटेना काढून बल्ब पिवळी आणि बॉडीमध्ये धरला : लख्ख. पिवळी आणि काळीमध्ये धरला : मिणमिणता. म्हणजे पिवळी निर्दोष, काळी गुन्हेगार. इतकं स्वच्छ बायनरी सर्च मी आमच्या टीममध्येही फार वेळा बघितलेलं नाही. मीटरच वापरायचा असेल तर सेट मोठ्या आवाजात वाजत असताना काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. पाव व्होल्टच्या आत पाहिजे. मित्राच्या गाडीत दीडच्या वर होता.

जाता जाता : डब्यावर 50 वॅट गुणिले 4 असं छापलेलं असतं, ते फार मनावर घेऊ नका. सेटच्या पाठीवरचा फ्यूज बघा. बऱ्याचदा 10 अँपिअरचा असतो. 10 गुणिले 14.4, म्हणजे सगळं मिळून 144 वॅट आत जाणार आणि त्यातलेही बरेच उष्णतेत जाणार. मग सतत 200 बाहेर कुठून येतील? असो.

आता मुद्द्याचं. सेट बंद पडतो म्हणून फार तर गाणी बुडतात, असं वाटत असेल तर थांबा. अर्थचा हाच प्रकार पिवळ्या वायरीवर झाला असता तर? पिवळी-पिवळी नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, जी उन्हात पार्क केलेल्या गाडीत एका मे महिन्यात सुटून येते. त्या सैल जोडाचा रेझिस्टन्स 0.2 ओहम धरा आणि करंट 8 अँपिअर. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, जवळजवळ 13 वॅट. घरातलं छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे अर्धं सोल्डरिंग आयर्न डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिक आणि फोममध्ये खुपसून ठेवलंय. फ्यूज उडणार नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. सैल जोडाची उष्णता फ्यूजला दिसतच नाही. आणि सेट पूर्ण झोपत नसेल किंवा जोडाचं उघडं तांबं बॉडीला टेकलं, तर किल्ली काढून तुम्ही चौथ्या मजल्यावर झोपलेले असतानाही पिवळीत वीज आहेच. तिथे फ्यूज वाचवतो, पण जोड फ्यूजच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला असेल तर तोही नाही.

म्हणून नवा सेट घेणं हा नुसता फुकटचा खर्च नाही. नवा सेट त्याच सडक्या वायरींवर बसतो. बसवताना सगळं ओढाताण होऊन तात्पुरतं चिकटतं, महिनाभर छान चालतं, आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं. बिघाड आत तसाच.

काकांनी रंग खरवडला, वायरीला गोल टर्मिनल दाबून बसवलं, खाली दातेरी वॉशर घातला आणि बॉडीच्या पक्क्या बोल्टला आवळलं. उरलेल्या जोडांवर सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब. शिट्टी गेली. अँटेना काढली तरी सेट चालू. वेळ दीड तास, पैसे पाचशे. त्यावर माझा मित्र, जो स्वतः सपोर्ट प्रोजेक्टवर तासाच्या हिशेबाने बिल लावतो, म्हणाला, "पाचशे? एक स्क्रू तर बदलला काका तुम्ही!"

काका हसले. "दादा, सेट विकला तर मला एका तासात दोन हजार सुटतात. फॉल्ट शोधायला बसलो तर गिऱ्हाईक म्हणतं, काहीच तर केलं नाही. मग पोरं सेटच विकणार ना?"

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. दुकानदार लबाड असतात हे निदान मला पुरेसं वाटत नाही, तेही 'सेट गेलाय'सारखंच घाईचं आहे. आपण वस्तूचे पैसे हसत देतो आणि शोधण्याचे द्यायला कुरकुरतो. दोन दिवस लॉग चाळून एक ओळ बदलणाऱ्याला आपण सीनियर म्हणतो आणि दोन दिवसांचा पगार देतो. तोच माणूस पाना आणि बल्ब घेऊन डॅशबोर्डखाली उताणा पडला की त्याची किंमत एका स्क्रूएवढी. मग बाजाराने काय शिकायचं? मी आता गॅरेजमध्ये गेल्या गेल्या सांगतो, फॉल्ट शोधायचे वेगळे पैसे देईन, काही बदलावं लागलं नाही तरी देईन. एवढं म्हटल्यावर समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. करून बघा.

सेट कधीच खराब होत नाही असं मात्र मी म्हणत नाही. स्वस्त सेट आतून तापून बंद पडतात, आतलं सोल्डरही हादऱ्यांनी तडकतं. पण ते सिद्ध करता येतं. सेट बाहेर काढा, टेबलावर फ्यूजसकट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडा, एक स्पीकर लावा, तासभर वाजवा आणि मधूनमधून बोटाने टकटक करा. टेबलावरही बंद पडला तर तो खरंच गेलाय, खुशाल नवीन घ्या. आणि घेताना गाडीचा कपलर कापू देऊ नका. मूळ कपलरला न कापता बसणारं अडॅप्टर बहुतेक गाड्यांसाठी काही शे रुपयांत मिळतं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेलात तर श्रिंक ट्यूब आणि टर्मिनलंही घेऊन ठेवा.

स्वतः हात घालणार असाल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातली जाड वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर त्याला मीटर, बल्ब, बोट काहीही लावू नका. तो बहुधा एअरबॅगचा असतो.

मित्राची आता एकच तक्रार उरलीय. एक्स्प्रेसवेला कामशेतच्या बोगद्यात रेडिओ जातो म्हणे. त्याला म्हटलं, तो डोंगराचा दोष आहे, काकांना फोन करू नकोस :-)