कॉसमॉस अंगणात शोभतो, टेकडीवर नाही

ज्यांच्या हाताला झाड लागत नाही असा घरात पक्का समज झालेला आहे, त्यांनी एकदा कॉसमॉस लावून पाहावा. गुलाबाचे नखरे याला ठाऊक नाहीत आणि शेवंतीसारखी वर्षभर मनधरणीही करावी लागत नाही. मूठभर बी, सहा तासांचे ऊन आणि पाणी न साचणारी माती एवढ्यावर तो खूश असतो.

हा मूळचा मेक्सिकोचा. तिथले बी स्पेनला पोहोचले आणि १७९१ साली माद्रिदच्या काव्हानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे बारसे केले. ‘कॉसमॉस’ म्हणजे ग्रीक भाषेत सुव्यवस्था, नीटनेटकेपणा. आपल्याकडे त्याचे दोन प्रकार दिसतात. पिवळा-नारिंगी कॉसमॉस जूनमध्ये पेरावा. गुलाबी-पांढरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे थंडीत फुलतो. बी पाव इंच खोल पेरले, की आठ-दहा दिवसांत उगवते. रोपे वीतभर झाली की शेंडे खुडावेत. फांद्या फुटतात आणि फुले वाढतात. शेणखताचा मात्र लाड नको. अति तेथे माती, या न्यायाने खत फार झाले की पाला माजतो आणि फुले रुसतात.

मुलांच्या हातून पहिली पेरणी करून घ्यायला याच्याइतके भरवशाचे झाड क्वचितच सापडेल. दोन महिन्यांच्या आसपास फूल दिसते, आणि तेवढा धीर मुलांनाही धरता येतो.

पण हाच सोपेपणा घराबाहेर डोकेदुखी ठरतो. पिवळा कॉसमॉस कुंपण ओलांडून पुण्याच्या परिसरातील टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला केव्हाच पसरला आहे. त्याच्या बियांना बारीक काटेरी टोके असतात. ती कपड्यांना, गुरांच्या अंगाला चिकटतात. शिवाय ‘टेकडी रंगीत करू’ अशा भाबड्या हौसेने माणसे स्वतःच्या हाताने बी उधळतात. दाट वाढलेल्या कॉसमॉसखाली आपली सोनकी, तेरडा, साधे गवतसुद्धा दबते. मग त्या गवतावर जगणाऱ्या किड्यांनी आणि पाखरांनी जावे कुठे?

फुलपाखरे कॉसमॉसवरही येतातच की, असे कोणी म्हणेल. येतात, मध प्यायला. पण त्यांच्या अळ्यांना ठरावीक झाडांचाच पाला लागतो, आणि ती झाडे बहुधा इथलीच असतात. खाणावळ मिळाली म्हणजे घर मिळाले असे नव्हे.

घाणेरी हीदेखील एके काळी शोभेचे झाड म्हणूनच भारतात आली होती. आज ती जंगलेच्या जंगले अडवून बसली आहे. तेव्हा लावणाऱ्यांना पुढचे दिसत नव्हते. आपल्याला दिसते आहे.

म्हणून कॉसमॉस जरूर लावावा, पण कुंडीत किंवा अंगणात, नजरेखाली. फुले सुकली की बी गळण्यापूर्वीच ती खुडावीत. पुढच्या वर्षापुरते बी कागदाच्या पुडीत, वर तारीख घालून ठेवावे. जास्तीचे शेजारच्या वहिनींना द्यावे. टेकडीवर फिरायला जाताना मात्र खिसा रिकामा असू द्यावा. तिथली बाग निसर्गाने आधीच पेरून ठेवली आहे.