साक्षीचे कागद जपायचे कोणी?

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल सापडेना झालं की हॉस्टेलवर काय पळापळ होते, ते सांगायला नको. जर्नल हरवलं तर फार तर टर्म जाईल. पण कोर्टातली साक्ष हरवली तर?

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. पणजोबांचा विहिरीच्या पाण्याचा दावा 1947 सालचा. तेव्हा वाळवा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली आणि त्याचं सांगली झालं 1960 साली. म्हणून मागच्या दिवाळीत आण्णांबरोबर नकलेसाठी साताऱ्याला दोन हेलपाटे घातले. निकालाची नक्कल मिळाली. साक्षीचे कागद मात्र मुदत संपली म्हणून नष्ट केलेले! पाण्याची पाळी कुणाची, किती दिवस, हे नेमकं त्या साक्षीत होतं. भाऊबंदकी आजही चालूच आहे.

कारकुनाला दोष देत नाही. सगळंच कायम ठेवता येत नाही. जुने कागद नष्ट करण्यासाठी 1917 सालचा कायदा आहे, हायकोर्ट त्याखाली नियम करतं. पण कागद जपणं ही साधी बाब नव्हे. 2023 साली सुप्रीम कोर्टाने एका लाचखोरीच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली. कारण काय, तर खालच्या कोर्टाचं रेकॉर्डच गहाळ! साक्षी न वाचता अपिलात शिक्षा कायम कशी करणार?

अमेरिकेत फेडरल कोर्टातल्या रिपोर्टरची मूळ नोंद कोर्टाच्या क्लार्ककडे जमा होते आणि किमान 10 वर्षं ठेवावी लागते. मला हे पटतं. लघुलेखकाची शॉर्टहँडची वही ही त्याची खासगी वस्तू नव्हे, ती कोर्टाची. लघुलेखकाची बदली होवो की निवृत्ती, निदान अपील निकाली निघेपर्यंत ती कचेरीत राहिलीच पाहिजे. आणि नष्ट करण्याआधी पक्षकाराला कळवायला काय हरकत आहे?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यातही साक्ष ऑडिओ-व्हिडिओवर घेण्याची सोय आहे. छान! पण ती फाईल तीस वर्षांनी उघडेल का? आपल्या सीनियर्सनी सीडीवर दिलेले प्रोजेक्ट उघडायला आजच ड्राइव्ह मिळत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांनो, फायनल इयरला विषय शोधताय ना? मग हा घ्या!