पिशवी काढली, पुढचे दीड महिने कोणाचे?



बैलाचा खांदा आला तर आपण त्याला जुंपत नाही. हंगाम ऐन भरात असला तरी शेजाऱ्याची जोडी मागून आणतो, नाहीतर भाड्याने ट्रॅक्टर लावतो, आणि हळद-तेल चोळत खांदा बसायची वाट बघतो. सुजल्या खांद्यावर जू ठेवले तर बैल कायमचा जातो, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. त्याच घरात बाईची पिशवी काढून दहा दिवस होत नाहीत तो ती डोक्यावर हंडा घेऊन निघते, आणि घरदार समाधानाने म्हणते, 'चला, बाई कामाला लागली.'

पिशवी म्हणजे गर्भाशय. हा विषय मेळाव्याच्या व्यासपीठावर येत नाही. मांडवाच्या मागे बायका एकमेकींना कानात सांगतात आणि तिथेच तो संपतो. पण तो बायकांच्या कुजबुजीचा विषय राहिलेला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले, की ज्यांची पिशवी काढली होती त्यांतल्या निम्म्या जणींचे ऑपरेशन वयाच्या चौतिशीच्या आत झाले होते. पुढे २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारने नेमलेल्या समितीपुढे ८२ हजारांहून अधिक बायकांची माहिती आली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर कोयत्याचा दंड, मुकादमाची उचल फिटता फिटत नाही, मग पिशवीच काढून टाका, असा तो हिशेब. ऑपरेशने गरजेची होती की नव्हती यावर त्या वेळी पुष्कळ बोलले गेले आणि ते व्हायलाच हवे होते. अंगावरून पांढरे जाते म्हणून, कंबर दुखते म्हणून, 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्या भीतीवर पिशवी काढायची नसते. दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी दवाखान्यात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नये. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशी बिनगरजेची ऑपरेशने रोखण्याची नियमावली सर्व राज्यांनी लागू करावी असा आदेश दिला.

पण ज्यांना खरोखर गरज होती त्यांचे काय? मोठ्या गाठी, थांबता न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे, कॅन्सर. त्यांचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, त्या घरी आल्या. त्यापुढचे कोणी बोलत नाही. डॉक्टर 'आराम करा' म्हणतो आणि इंग्रजीत लिहिलेला कागद हातात देतो. आराम म्हणजे किती दिवस आणि कशापासून, हे ना बाईला कळते ना तिच्या घरधन्याला.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना आहे. तो कोणत्याही सरकारने दिला नाही, रूढीने दिला. सव्वा महिना तिने पाणी आणायचे नाही, शेतात जायचे नाही, हे सासूही मानते आणि गावही मानते. बहुतेक वेळा ती माहेरी असते. पिशवीच्या ऑपरेशनला असा सव्वा महिना नाही, कारण ही शस्त्रक्रिया रूढीच्या जन्मानंतर आली. शिवाय ती होते तेव्हा बाई पस्तिशी-चाळिशीत असते. माहेरी आई थकलेली नाहीतर गेलेली, घर भावजयीचे. तिथे महिनाभर जाऊन पडायचे म्हणजे पाहुणचार नव्हे, ओझे. म्हणजे ज्या वयात शरीर हळू भरून येते, त्याच वयात बाईला टेकायला जागा नसते.

आता जखम कुठे असते ते नीट समजून घ्या. पोट उघडून ऑपरेशन केले तर पोटावरचा व्रण दिसतो. दुर्बिणीने किंवा खालच्या वाटेने केले तर बाहेर फारसे काही दिसतच नाही, आणि घरच्यांना वाटते काही मोठे झाले नाही. पण बहुतेक ऑपरेशनांत गर्भाशयाबरोबर त्याचे तोंडही काढतात आणि आत योनिमार्गाचा वरचा शेवट शिवून बंद करतात. हा आतला टाका दोन्हीकडे सारखाच. कातडीची जखम आठ-दहा दिवसांत मिळून येते, आतली भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पोटावर दाब येईल असे प्रत्येक काम त्या टाक्यावर ताण देते. क्वचित तो उसवतो, आणि उसवला तर जिवावर बेततो.

आपल्या बायकांची कोणती कामे पोटावर दाब देत नाहीत ते सांगा! पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकून कापूस वेचायचा, ओटी भरत जाते तसे ओझे पोटावरच लोंबते. ज्वारी कापायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या, शेणाची पाटी उचलायची. डॉक्टर सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर उचलू नका म्हणतात. आपल्या घरात त्याहून हलके म्हणजे फार तर भाकरीचे टोपले.

याचा अर्थ बाईने खाटेवर पडून राहावे असा नाही, आणि ही दुसरी चूकही घरोघर होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालले पाहिजे. पडून राहिले तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती छातीत गेली तर माणूस उभ्या उभ्या जातो. घरात, अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, रोज थोडे अधिक चालावे. पथ्याचे खूळही सोडा. 'पू होतो' म्हणून डाळ बंद, अंडे बंद, भाजी बंद, नुसता भात. जखम भरायची ती कशाने? आधीच महिनोन्‌महिने अंगावरून गेल्याने तिच्यात रक्त कमी. तिला डाळ, अंडी, दूध, पालेभाजी आणि डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात. या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. पाणी भरपूर प्यावे. संडासाला लांब जावे लागते म्हणून बायका पाणी कमी पितात, मग खडा होतो, कुंथावे लागते, आणि तो जोर पुन्हा टाक्यावरच.

आणि भावांनो, तुम्हाला तोंडावर सांगायची एक गोष्ट. किमान सहा आठवडे, आणि डॉक्टरने तपासून हो म्हणेपर्यंत, नवरा-बायकोचा संबंध नाही. बाई हे सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिले.

थोडे लालसर-तपकिरी डाग काही दिवस जातात, त्याला घाबरू नये. पण ताजे रक्त भरपूर जाऊ लागले, घाण वास आला, ताप भरला, पोट वाढत्या कळेने दुखू लागले, जखमेतून पू आला, लघवी अडली किंवा सतत गळू लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्याच्या एस.टी.ची वाट पाहायची नाही.

पैशांचे काय, असे विचाराल. तो हिशेबही करू. बाईच्या जागी मजूर लावला, दिवसाचे तीनशे धरा, बेचाळीस दिवसांचे १२,६०० रुपये झाले. आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण हे काम ती बारा महिने करते तेव्हा तिच्या नावावर एक रुपया धरलेला नसतो. कृषिमूल्य आयोगसुद्धा उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो, घरचा कारभारी धरत नाही. ती आडवी झाली म्हणजेच तिची किंमत कळते.

प्रत्येक घराला मजूर परवडणार नाही हे मीही जाणते. पण सावड आपल्याला नवी नाही. निंदणाला चार घरच्या बायका एकमेकींच्या शेतात जातात, तशी पाण्याची आणि गोठ्याची सावड का नको? चार घरांनी दोन-दोन हंडे टाकले की एका बाईचे पाणी भरले. घरचा गडीही हंडा उचलू शकतो. सायकलला कॅन बांधून पाणी आणताना त्याला लाज वाटत नाही, डोक्यावर हंडा घेताना वाटते, म्हणून कॅन बांधा. भाकरी थापता येत नसेल तर शिका, दीड महिन्यात येते.

ऑपरेशन तातडीचे नसेल तर वेळही आपल्याला निवडता येते. कॅन्सरची शंका असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर एक दिवसही थांबू नये. एरवी वेचणी संपली की करावे. मृगापासून मागे आठ आठवडे मोजा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येता. अक्षय तृतीयेनंतर केलेले ऑपरेशन सरकी टोबायच्या वेळी पुरते भरलेले नसते, आणि पाऊस पडल्यावर बाई घरात बसत नाही. तुम्ही बसा म्हटले तरी.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरला विचारा, बीजांडकोश ठेवणार की काढणार? दोन्ही काढले तर चाळिशीच्या आतच बाईची पाळी जाण्याचे वय एकदम येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. घरचे म्हणतात, बाई चिडकी झाली. तिला औषधाची गरज असते, हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का हे डॉक्टरला विचारावे लागते. बीजांडकोश ठेवले तरी ते वय चार-दोन वर्षे आधी येऊ शकते. काढलेली पिशवी तपासायला पाठवली का, तिचा अहवाल काय आला, हेही मागून घ्या. तो अहवाल आणि सुटीचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. दहा वर्षांनी दुसरा डॉक्टर विचारतो, 'आत काय ठेवले आहे, काय काढले आहे?' आणि सगळे घर एकमेकांच्या तोंडाकडे बघते.