हाताचें मोल

वार्षिक अंकाच्या संपादकांनीं मजकडे लेख मागितला, तेव्हां माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते "वेळ नाहीं" हे. दुसऱ्याच क्षणीं मला माझें हसूं आलें. कारण त्याच दिवशीं सकाळीं एका विद्यार्थ्यानें गृहपाठ न केल्याचें हेंच कारण सांगितलें होतें व मीं तें मुळींच मान्य केलें नव्हतें. सांप्रत आपणां सर्वांचें हें एक पालुपदच होऊन बसलें आहे. वडील कचेरींत, आई कचेरींत आणि स्वयंपाकघरांत, मूल शाळेंतून शिकवणीस व तेथून दुसऱ्या शिकवणीस. आणि जो थोडा अवकाश उरतो तो हातांतील मोबाईल गिळून टाकतो. अशा धांवपळींत मला जें थोडें स्वास्थ्य लाभतें तें माझ्या घरांतील कांहीं साध्या, हातानें केलेल्या वस्तूंच्या सहवासांत लाभतें. त्यांविषयीं चार शब्द लिहावे, व त्यांपैकीं एक वस्तु विकत घेतांना माझ्या हातून जी चूक झाली ती वाचकांपुढें प्रांजळपणें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या वस्तु दिवाणखान्यांत मिरवावयाच्या नव्हेत. पहिली म्हणजे आजीनें शिवलेली गोधडी. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून, कडेपासून मध्याकडे धांवदोरा घालीत, दुपारच्या वेळीं ओसरीवर बसून तिनें ती पुरी केली. तींत माझ्या लहानपणच्या एका सदऱ्याचा निळा तुकडा आहे. आजी गेली, सदराही केव्हांच गेला. परंतु थंडीच्या दिवसांत तो तुकडा हाताला लागला म्हणजे दोन्हींची आठवण होते.

दुसरी वस्तु म्हणजे वडिलांची काळी घोंगडी. मेंढ्यांची लोकर कातरावयाची, ती पिंजून चरख्यावर सूत काढावयाचें, त्या सुतास चिंचोक्यांची खळ द्यावयाची आणि मग खड्ड्याच्या मागावर पाय सोडून बसून ती विणावयाची, असा तिचा जन्म. नवी असतांना ती अंगाला टोंचते, परंतु वापरानें मऊ होते. पावसाची सर आली तर पाणी वरच्यावर थबकतें. म्हणूनच तिची खोळ करून आमचे धनगर बंधु आजही माळावर उभे असलेले दिसतात.

तिसरी वस्तु म्हणजे कोल्हापुरी वहाणांचा जोड. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, आणि खिळ्याऐवजीं कातड्याच्याच वादीची शिवण. पहिले चार दिवस त्या पायाशीं भांडतात. पुढें मात्र त्या आपल्याच पायाच्या होतात, दुसऱ्याच्या पायांत नीट बसत नाहींत.

आतां चौथ्या वस्तूची हकीकत. ती म्हणजे बांबूचें एक सूप.

तीन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत मी एका तालुक्याच्या गांवीं गेलों होतों. त्या दिवशीं आठवड्याचा बाजार होता. बसस्थानकाजवळ एका कडुनिंबाखालीं बुरूडकाम करणारी एक प्रौढ बाई सुपें, टोपल्या व परड्या मांडून बसली होती. मीं एक सूप उचलून किंमत विचारली. तिनें २५० रुपये सांगितले. मीं सवयीनें १५० म्हटलें. आम्ही बरेच वेळ एकमेकांस अडवून धरलें. शेवटीं ती म्हणाली, "अजून भवानी झाली नाहीं, द्या १८०." मीं पैसे दिले व ७० रुपये वांचविल्याच्या आनंदांत स्थानकावर आलों, तों माझी गाडी निघून गेलेली! पुढच्या गाडीस अडीच तास होते. ऊन रणरणत होतें. सावली म्हणावी तर त्या कडुनिंबाचीच. नाइलाजानें मी परत तेथेंच जाऊन बसलों.

बाईनें नवें सूप करावयास घेतलें होतें. कोयत्यानें ओला बांबू उभा चिरावयाचा. त्याच्या कामट्या काढावयाच्या. एकेक कामटी पायाच्या अंगठ्याखालीं धरून तासावयाची. तिची जाडी बोटानें चाचपून पाहावयाची, कारण एक जरी जाड राहिली तरी वीण उचलते. सुकूं लागली तर पाण्याचा हात फिरवावयाचा. आणि मग एक वर, एक खालीं, अशी वीण घालीत जावयाचें. मधून एखादें गिऱ्हाईक येई, भाव विचारी, अर्धा भाव मागे व निघून जाई. बाईच्या बोटांवर बारीक काळ्या रेघा होत्या. प्रथम मला तो मळ वाटला. नीट पाहिल्यावर कळलें कीं, त्या जुन्या कापल्याच्या खुणा आहेत. अडीच तास होत आले तरी सुपाचा तळ तेवढा विणून झाला होता. कांठ बांधावयाचा राहिलाच होता. एका दिवसांत दोन सुपें होतात, फार तर तीन, असें ती म्हणाली. बांबूचे पैसे निराळे, टेंपोचें भाडें निराळें, बाजाराची पावती निराळी.

मी गणिताचा शिक्षक नव्हे. तथापि एवढा हिशेब मलाही आला. जे ७० रुपये मीं हुशारीनें वांचविले असें मानीत होतों, ते बांबूवाल्याकडून किंवा टेंपोवाल्याकडून वांचलेले नव्हते. त्यांचे पैसे त्यांनीं आधींच घेतलेले होते. ते वांचले होते केवळ या बाईच्या मजुरींतून. आणि त्याच सकाळीं त्याच स्थानकावर मीं पाण्याची बाटली छापील किंमतीस घेतली होती; तेथें घासाघीस करण्याचा विचारही मनाला शिवला नव्हता! ज्याचें तोंड आपणांस दिसत नाहीं त्याला आपण सांगेल तो भाव देतों, आणि जी व्यक्ति समोर बसून बोटें कापून घेत आहे तिच्याशीं मात्र पैशा-पैशासाठीं भांडतों, हा कोणता न्याय?

मला लाज वाटली. खिशांतून ७० रुपये काढून मीं तिच्यापुढें धरले. तिनें हातांतील काम न थांबवितां मान हालविली. ती म्हणाली, "सौदा झाला, गुरुजी. आतां वरचं घेतलं तर ती भीक झाली. पुढच्या खेपेला घासूं नका, म्हंजे मिळालं मला." मी निघालों तेव्हां तिनें आणखी एक गोष्ट सांगितली: "शहरांत लोक सूप भिंतीला टांगतात म्हणं. तुम्ही टांगूं नका, पाखडायला वापरा. वापरलं तर झिजंल, झिजलं तर दुसरं घ्याल."

या दोन वाक्यांत जें शहाणपण होतें तें मला पुष्कळ व्याख्यानांत आढळलें नाहीं. आपल्याकडे हस्तोद्योगाविषयीं बोलणें कांहीं कमी झालेलें नाहीं. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमाराप्पा यांनीं त्याचें कार्य चालविलें. १९३७ सालीं वर्ध्यासच भरलेल्या शिक्षण परिषदेंत मुलांचें शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारें व्हावें असा विचार मांडला गेला. १९०५ च्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ २०१५ सालापासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापुरी वहाणेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व त्यांत महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला. हें सर्व योग्यच झालें. परंतु परिषद, दिन व मानांकन यांनीं वस्तूस मान मिळतो. करणारास दाम मिळतो कीं नाहीं, हें बाजारांत उभ्या असलेल्या तुमच्या-आमच्यासारख्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, "हातची वस्तु महाग, आम्हांस परवडत नाहीं. आणि यंत्रानें गरिबाचें कल्याणच केलें नाहीं काय?" हा आक्षेप खरा आहे व तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आज गरिबाच्या मुलाच्या पायांत वहाण व अंगावर धड कपडा आहे तो यंत्रामुळेंच. ज्या घरीं महिन्याची तोंडमिळवणी कठीण, त्या घरानें प्लास्टिकचें सूप घेतलें म्हणून त्यास कोणीं दोष देऊं नये. माझें म्हणणें सर्वच वस्तु हातच्या घ्या असें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, जी एखादी हातची वस्तु आपण घेऊं तिच्यांत एका माणसाच्या आयुष्यांतले कांहीं तास गुंतलेले आहेत, याचें भान ठेवावें. आपल्याजवळ वेळ नाहीं अशी तक्रार आपण अहोरात्र करतों. म्हणजे वेळ ही मौल्यवान् गोष्ट आहे हें आपणांस चांगलें ठाऊक आहे. मग दुसऱ्याचा वेळ तेवढा स्वस्त कसा?

हाच प्रश्न मला शाळेंतही भेटला. या प्रसंगाच्या आदल्या वर्षीं आम्हीं नाताळनिमित्त मुलांकडून घरून चांदण्या करून मागविल्या होत्या व परीक्षकाचें काम मजकडे होतें. दिवाळीचा आकाशकंदील काय आणि नाताळची चांदणी काय, दोन्हींस त्याच बांबूच्या कामट्या व तोच पतंगाचा कागद लागतो. मीं पहिला क्रमांक एका अत्यंत सुबक चांदणीस दिला. मागाहून कळलें कीं, ती दुकानांतून आणलेली होती. एका मुलीची चांदणी कोपऱ्यांत वांकडी झाली होती, खळीचे डाग पडले होते. तिनें ती लाजेनें बांकाखालीं ठेविली होती, व मीं ती पाहिलीही नव्हती. अलीकडे दिवाळींतले किल्लेही बाजारांत तयार मिळतात. अंगणांत चिखल कालवून, अळीव पेरून, बुरुज ढासळला म्हणून रडून पुन्हां उभारण्यांत जो किल्ला होता, तो त्या विकतच्या किल्ल्यांत कोठून येणार?

पालक हें फसवणुकीच्या बुद्धीनें करतात असें मला वाटत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां मूल सांगतें कीं उद्यां चांदणी न्यावयाची आहे. दमलेला बाप दुकानाकडे धांवतो. यांत दोष शाळेचाही आहे, व त्यांतील माझा वांटा मी नाकारीत नाहीं. म्हणून पुढच्या वर्षापासून आम्हीं चांदण्या वर्गांतच करावयाचें ठरविलें. पहिल्या वर्षीं निम्म्याहून अधिक चांदण्या वांकड्या झाल्या. एका मुलाच्या बोटाला कामटी लागून थोडें रक्त आलें. मीं बोटास पट्टी बांधीत असतां त्यानें विचारलें, "सर, तुम्हीं सांगितलेल्या त्या बाईचं बोट रोज कापत असेल ना?" सुबक चांदणीनें त्यास हा प्रश्न कधींच सुचविला नसता. त्या दिवशींच्या वांकड्या चांदण्या आम्हीं व्हरांड्यांत ओळीनें लाविल्या. रात्रीं दिवा लागल्यावर वांकडेपणा फारसा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस माझें सांगणें थोडेंच आहे. वर्षांतून एक तरी वस्तु आपल्या हातानें करा; ती वांकडी झाली तर लपवूं नका. सदऱ्याचें बटण, फाटलेला खिसा, पुस्तकाची सुटलेली बांधणी, एवढें स्वतः दुरुस्त करावयास शिका. मुलगा असो वा मुलगी. ज्यानें एकदां आपल्या हातानें टांका घातला आहे तो दुसऱ्याच्या टांक्याची किंमत सहसा पाडून मागत नाहीं. आणि पालकांस विनंती अशी कीं, मुलाची ओबडधोबड कृति पाहून तिच्या जागीं विकतची आणून देऊं नका. त्याच्या शेजारीं अर्धा तास नुसते बसा. तो अर्धा तास कोठून काढावा असें विचाराल, तर तो कोठें जातो हें आपण सर्वजण जाणतोंच.

तें सूप मीं भिंतीला टांगलें नाहीं. आमच्या घरीं त्यांत तांदूळ पाखडले जातात. मागच्या पावसाळ्यांत त्याचा कांठ सुटला, म्हणून दिवाळींत पुन्हां त्याच बाजारीं गेलों. बाई त्याच कडुनिंबाखालीं होती. तिनें मला ओळखलें कीं नाहीं, कोण जाणे. नव्या सुपाची किंमत तिनें ३०० रुपये सांगितली. मीं ३०० रुपये दिले. तिनें ते मोजून कनवटीस लाविले व पुढची कामटी उचलली.