चित्राच्या पुढे पेशीची साक्ष

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान हा आत डोकावण्याच्या धडपडीचा दीर्घ इतिहास आहे. १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या घशातून ४७ सेंटिमीटरची सरळ नळी पोटापर्यंत उतरवली. नळी गेली, पण उजेड पुरला नाही. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढे बेरियम पाजून अन्ननलिकेचे चित्र काढता येऊ लागले. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांच्या लवचिक दुर्बिणीने आतला मार्ग खुला केला.

तरीही दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. अन्ननलिकेत मूळ धरणारा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, हे त्याचे ठळक उदाहरण. अन्ननलिकेच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी. अन्ननलिकेत रंगपेशीच नसतात, तेव्हा ही गाठ त्वचेतूनच पसरलेली असणार, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. १९६३ मध्ये दे ला पावा आणि सहकाऱ्यांनी १०० शवविच्छेदनांतील अन्ननलिका तपासल्या. चारांमध्ये रंगपेशी सापडल्या, आणि आक्षेपाचा आधारच गेला.

बेरियमच्या चित्रात नेहमीचा कर्करोग नलिका आवळतो. कडा खडबडीत दिसतात. मेलानोमा बहुधा पोकळीत वाढणारा मोठा गोळा असतो. नलिका त्याच्याभोवती फुगते आणि बेरियमचा पांढरा द्रव बाजूने खाली उतरतो. पण कार्सिनोसार्कोमा हा दुसरा कर्करोगही असाच दिसतो. दुर्बिणीतून काळसर रंग दिसला तर संशय येतो. काही गाठींत मात्र रंग दिसतच नाही आणि नेहमीच्या तपासणीत त्या दुसऱ्याच कर्करोगाच्या वाटतात. सीटी आणि पेट स्कॅन रोग किती पसरला ते सांगतात, त्याची जात नाही. ती ठरते बायोप्सीच्या तुकड्यावर एस-१००, एचएमबी-४५ आणि मेलान-ए या विशेष चाचण्या केल्यावर. मूळ गाठ त्वचेत किंवा डोळ्यात तर नाही ना, हेही पाहावे लागते.

दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, पण शेवटचा शब्द पेशीचाच राहिला. जात चुकली तर उपचारही चुकतात. म्हणून चित्र आणि बायोप्सीचा अहवाल जुळत नसेल, तर रुग्णालयांनी विशेष चाचण्या टाळू नयेत. काचपट्ट्या अनुभवी कर्करोग केंद्राकडे फेरतपासणीसाठी पाठवाव्यात. आणि वाचकांनो, घास अडकत असेल तर आम्लपित्त समजून महिने घालवू नका. दुर्बिणीने तपासणी करून घ्या.