पुण्यात बुडालेला फुटबॉल कोल्हापुरात का तरेल?

व्यावसायिक फुटबॉलचा नवा संघ कोणत्या शहराला पेलवेल, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच पैशाच्या थैलीकडे वळते. कोणता उद्योगपती तयार आहे, विमानतळ आहे काय, बड्या पाहुण्यांना उतरायला हॉटेल आहे काय, दूरचित्रवाणीवर जाहिराती किती मिळतील, एवढेच विचारले जाते. त्या शहरात फुटबॉल खेळतो कोण, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून पाहतो कोण आणि मैदान कोणाच्या मालकीचे आहे, हे कोणी विचारत नाही. हे तीन प्रश्न आधी विचारले तर महाराष्ट्रात पहिला मान कोल्हापूरचा आणि दुसरा नागपूरचा लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी पुण्याचा हिशेब पाहू. २००७ साली पुणे एफसी निघाला. पुढे भारत एफसी आला, डीएसके शिवाजियन्स आला, आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ संघांत एफसी पुणे सिटीही होता. यातला एकही आज उभा नाही. भारत एफसी एका हंगामात संपला, शिवाजियन्सने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला आणि २०१९ साली पुणे सिटीचीही मूठमाती झाली. बारा वर्षांत चार संघ! पुण्यात पैसा नव्हता काय? होता. प्रेक्षक नव्हते काय? लाखोंचे शहर आहे, तेही होते. पण संघ वरून आणून बसवलेले होते. सामने शहराच्या टोकाला बालेवाडीत, मालकी उद्योगसमूहाची, आणि पुण्याच्या पेठांना किंवा वस्त्यांना त्या संघात ना भाग ना आवाज. मालकाचे गणित चुकले त्या दिवशी संघ बंद झाला आणि पुणेकरांनी दोन दिवस हळहळ व्यक्त करून वर्तमानपत्राचे पान उलटले.

मुंबईचीही कहाणी वेगळी नाही. महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला संघ २०१० साली बंद केला गेला. कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या त्या संघांत निदान एक गोष्ट होती, चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची. रेल्वे, बंदर, विमान कंपनी, बँका यांच्या संघांतून खेळलेल्या कित्येक चाळकरी पोरांचे संसार त्या पगारावर उभे राहिले. आता नोकरी गेली आणि करार आला. करार हंगामाचा असतो. गुडघा मात्र जन्माचा असतो.

बाकीच्या देशात तरी काय चालले आहे? दिल्लीचा संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. हैदराबादचा संघ २०२५ मध्ये दिल्लीला आला आणि त्याने नवे नाव घेतले. वाराणसीच्या नावाने २०२३ मध्ये इंटर काशी उभा राहिला, पण त्याचे 'घरचे' सामने झाले बंगालमध्ये कल्याणीला, कारण काशीत तसे मैदानच नव्हते. तमाशाचा फडसुद्धा ठरल्या जत्रेला ठरल्या गावी येतो. या संघांचा तेवढाही भरवसा नाही. त्यात जुलै २०२५ मध्ये लीगच अधांतरी लटकली. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला २०१० चा करार संपत आला होता, नवा होत नव्हता, आणि हंगाम २०२६ च्या फेब्रुवारीपर्यंत लांबला. खेळाडूंनी सहा-सात महिने काय करायचे, हा प्रश्न कराराच्या कोणत्या कलमात होता?

याउलट ऐजॉल पाहा. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत होती. २०१७ मध्ये ऐजॉल एफसीने आय-लीग जिंकली, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना मागे टाकून. केरळमध्ये २०२४ साली सहा शहरांची स्वतंत्र सुपर लीग निघाली, त्यात कन्नूर आणि मलप्पुरम आहेत, ज्यांना मोठ्या भांडवलाच्या नकाशावर जागा नाही. तिथे फुटबॉल गल्लीत आधी होता, संघ नंतर आला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात हा क्रम पूर्ण झालेले शहर एकच आहे, कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे कोल्हापूरच्या पोराला शाळेच्या पाढ्यांआधी पाठ असतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना असला की पेठा ओस पडतात. आफ्रिकेतले खेळाडू इथल्या तालमींकडून खेळून गेले आहेत. अनिकेत जाधव हा इथला मुलगा २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. साडेपाच लाख वस्तीच्या शहरात कोणाही उद्योगपतीच्या मदतीशिवाय हे घडले आहे. आणि तरीही राष्ट्रीय लीगच्या नकाशावर कोल्हापूर नाही, मग अनिकेतसारख्या पोराने घर सोडून जावे लागते.

कोल्हापूरचा दोषही सांगितला पाहिजे. ईर्षा तिथल्या फुटबॉलचा प्राण आहे आणि तीच कधी कधी दगडफेकीपर्यंत जाते. उद्या 'कोल्हापूर एफसी' नावाचा एक संघ कोणी धनदांडग्याने उभा केला, तर तालमी त्याला आपला मानणार नाहीत, किंवा त्या तालमींना तो गिळून टाकील. दोन्हीत नुकसान आहे. म्हणून संघ शहराचा हवा असेल तर मालकीही शहराची हवी. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबची कंपनी झाली तरी मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्याला हे समजावून सांगायला जर्मन पंडित नको. दूध संघ आणि साखर कारखाने ज्याने चालवले त्याला सभासद म्हणजे काय ते कळते. तालमींनी आणि साध्या प्रेक्षकांनी भाग घ्यावेत, एका सभासदाला एकच मत असावे.

पण सहकार म्हटला की आम्हाला सावध व्हावे लागते. कारखाना सभासदांचा आणि सत्ता एका घराण्याची, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले. ऊस तोडणारा बाहेर आणि ऊस विकणारा आत, हेही पाहिले. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागेची तरतूद आहे. ज्या राजाने १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्या नावाच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाने ही तरतूद कागदापुरती ठेवू नये, एवढी अपेक्षा गैर आहे काय?

आता नागपूर. इथे लोकसंख्या २४ लाखांवर आहे, कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब अशी जुनी फळी आहे. विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना जमवून जो फुटबॉल उभा केला, त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये 'झुंड' काढला आणि देशाला कळले की नागपुरात फुटबॉल कोण खेळतो. सिनेमा पाहून लोक रडले, टाळ्या वाजवल्या, घरी गेले. त्या पोरांना पुढे खेळून पोट भरता येईल असा संघ शहरात उभा राहिला काय? जामठ्याला आंतरराष्ट्रीय तोडीचे क्रिकेट मैदान आहे. फुटबॉलला त्या तोडीचे एकही नाही. नागपूरला म्हणूनच आम्ही दुसरा क्रम देतो. खेळाडू आहेत, प्रेक्षक मिळतील, मैदान नाही. ते महापालिकेने आणि राज्य शासनाने बांधावे.

आणि इथे आमच्यातला वकील बोलणार. मैदान सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशाने होणार असेल तर ते एखाद्या कंपनीला भाड्याने देताना करारात काय लिहिले जाते, यावर सगळे अवलंबून आहे. आजवर अशा करारांत भाडे, दुरुस्ती आणि जाहिरातींचे हक्क असतात. आमची मागणी अशी की त्यात वस्तीतल्या मुलामुलींना ठरलेल्या दिवशी मैदान मोफत, जिल्ह्यातल्या किमान काही खेळाडूंशी करार, जखमी खेळाडूच्या उपचाराची जबाबदारी, स्वस्त तिकिटांचा एक भाग आणि संघ शहर सोडून गेल्यास नुकसानभरपाई, हे सर्व लेखी असावे. निविदा निघण्याआधी लिहून घ्यावे लागते, नंतर मालक दारात उभे करत नाही.

कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा बरी आहे. आय-लीग जिंकून वर चढण्याची वाट २०२३ पासून उघडली. पंजाब एफसी, मग मोहम्मेडन स्पोर्टिंग, मग २०२५ मध्ये न्यायनिवाड्याने इंटर काशी त्या वाटेने गेले. म्हणजे कोट्यवधींची प्रवेश फी मोजल्याशिवायही शहराला वर जाता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या घटनेला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात खेळातील तंटे ऐकायला स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय आहे.

कोल्हापूरने खालच्या श्रेणीपासून सुरुवात करावी. चार-पाच वर्षे लागतील, लागू देत. नागपूरच्या कार्यकर्त्यांनी मात्र आजच महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा, की शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित भूखंड किती आहेत, त्यांपैकी किती मोकळे आहेत आणि उरलेल्यांवर आज काय उभे आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो.