‘केस’ कुणाची आणि कसली?

महिला मंडळाच्या बैठकीत, समुपदेशन केंद्रात, पोलीस ठाण्याच्या बाकावर, सरकारी दवाखान्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात एक इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही तो ठाऊक असतो. हा शब्द म्हणजे ‘केस’. इंग्रजी शिकवणारी पुस्तके या शब्दाचे चारपाच अर्थ देतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. आपल्याला मात्र एवढ्यावर भागवता येणार नाही. बायकांच्या आयुष्यात या शब्दामुळे बरेच काही अडते आणि आपण कार्यकर्त्याही तो फारसा विचार न करता वापरतो.

आधी इंग्रजीत पाहू. तिथे सारख्याच स्पेलिंगचे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचे मूळ लॅटिनमधल्या ‘पेटी’ या अर्थाच्या शब्दात आहे. सूटकेस किंवा चष्म्याची केस म्हणतो तो हा शब्द. दुसऱ्याचे मूळ ‘पडणे’, ‘घडणे’ या अर्थाचे. त्यातून घडलेली गोष्ट, उदाहरण, आजारी माणूस आणि न्यायालयातले प्रकरण असे अर्थ निघाले. ‘इन केस’ म्हणजे ‘न जाणो, तसे झालेच तर’. ‘टु मेक अ केस’ म्हणजे आपली बाजू पुराव्यानिशी मांडणे. त्याचा कोर्टाशी संबंध असेलच असे नाही. आणि इंग्रजी व्याकरणात ‘केस’ म्हणजे विभक्ती. वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण, कुणी कुणाला काय केले, हे विभक्तीवरून कळते. हा अर्थ लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

मराठीत आल्यावर या शब्दाने आपला संसार वेगळा थाटला. डोक्यावरचा तो केस आणि कोर्टातली ती केस. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही, आपण त्याला स्त्रीलिंगी करून टाकले. केस ‘टाकतात’, ‘ठोकतात’, ‘मागे घेतात’, कुणावर तरी ती ‘बसते’. खेड्यात तिचे अनेकवचन ‘केशी’ होते. या क्रियापदांकडे नीट पाहिले तर ती सगळी हल्ल्याची किंवा माघारीची आहेत. ‘बाजू मांडणे’ हा इंग्रजीतला अर्थ आपल्याकडे आलाच नाही.

त्याचा परिणाम रोज दिसतो. मार खाऊन आलेली बाई बसल्या बसल्या पहिले वाक्य बोलते, ‘‘ताई, मला केस नाही करायची. नुसती त्याला समज द्या.’’ तिच्या मनात केस म्हणजे पोलीस गाडी, नवऱ्याच्या हातात बेड्या, वकिलाची फी, वर्षानुवर्षांच्या तारखा आणि शेवटी मोडलेला संसार. सासरचे हेच सांगतात, माहेरचेही हेच सांगतात, ‘‘केस केलीस तर दार बंद.’’ एका शब्दात सगळी भीती कोंबलेली असते. खरे तर या एका शब्दाखाली निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे पोलीस ठाण्यात दिलेला साधा अर्ज. त्यावर नुसता शिक्का घेतला म्हणून गुन्हा नोंदला गेला असे होत नाही. दुसरी ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. तिसरी ‘एफआयआर’, म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. विवाहितेच्या छळाचे कलम 498 अ भारतीय दंड संहितेत 1983 साली आले. 1 जुलै 2024 पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 मध्ये आहे. चौथी गोष्ट पोटगीचा अर्ज. पाचवी म्हणजे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडे केलेला अर्ज.

घडी घालून घालून फाटत आलेला एक कागद पिशवीतून काढून बाई सांगते, ‘‘मी तीन वर्षांपूर्वीच केस केलीय, पण काही झालं नाही.’’ कागद उघडून पाहावा तर एनसी. तिच्या लेखी कायदा वापरून झाला आणि कायदा निकामी ठरला. वास्तविक कायद्याचे दार अजून उघडलेलेच नसते. ठाण्यात तिला कुणी सांगितले नाही की ही केस नव्हे. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळण्याचा तक्रारदाराला हक्क आहे, हेही सांगितले नाही. एकाच शब्दावर सगळे भागत असल्यामुळे कुणाला काही सांगावे लागतच नाही.

उलटही घडते. 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला, तो नेमका ‘केस नको, पण मार थांबवा’ म्हणणाऱ्या बाईसाठी. त्यात घटस्फोट मागावा लागत नाही. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सगळे मागता येते. अर्ज ती स्वतः करू शकते किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकते. बहीण, आई, मुलगी यांनाही हा कायदा आहे. नुसत्या अर्जाने नवऱ्याला अटक होत नाही. न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश त्याने मोडला तर तो गुन्हा होतो. वकिलाच्या फीचे म्हणाल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळू शकतो. पण यालाही आपण ‘डीव्हीची केस’ म्हणतो! ज्या शब्दाला ती घाबरते, तोच शब्द तिच्यापुढे ठेवतो आणि मग ‘बाई तयार होत नाही’ असे नोंदवतो.

मग इंग्रजी शब्द टाकून मराठी वापरावा का? गंमत अशी की मराठी शब्दही काही सोवळे नाहीत. ‘प्रकरण’ म्हटले की लोक डोळे मिचकावतात. ‘तिचे प्रकरण’ याचा अर्थ काय होतो हे कुणाला सांगायला नको. ‘खटला’ म्हणावे तर जुन्या बोलीत खटले म्हणजे घरदार, मोठे कुटुंब; काही पुरुष बायकोलाच ‘आमचं खटलं’ म्हणतात. तेव्हा शब्दाच्या जागी शब्द ठेवून काम होणार नाही. फिर्याद, दावा, अर्ज, तक्रार, नोंद हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. जिथे जी गोष्ट आहे तिथे तिचे नाव घ्यावे, एवढेच.

आता विभक्तीकडे येऊ. ‘त्याने तिला मारले’ या वाक्यात मारणारा दिसतो. ‘ती मारहाणीची केस आहे’ असे म्हटले की मारणारा वाक्यातून निघून जातो आणि उरते ती बाई. पुढे ‘तिने केस केली’ असे म्हटले की कर्ता पुन्हा येतो, पण आता कर्ता ती असते. सगळ्या हकिकतीत काहीतरी करणारी एकटी तीच, त्यामुळे संसार मोडल्याचा दोषही तिच्याच पदरात. फौजदारी गुन्ह्यात तर हे वाक्य कायद्यानेही चूक आहे. तिथे खटला सरकार चालवते. ती फिर्यादी असते, साक्षीदार असते. म्हणूनच 498 अ मध्ये नुसती सही करून तिला केस ‘मागे घेता’ येत नाही. तडजोड झाली तरी उच्च न्यायालयात जाऊन ती रद्द करून घ्यावी लागते. ‘मागे घे’ म्हणून तिच्या मागे लागणाऱ्यांना हे ठणकावून सांगता आले पाहिजे.

बाईला केस म्हणण्याची सवय दवाखान्यातही आहे. ‘बाळंतपणाची केस’, ‘जळिताची केस’, ‘पॉयझनची केस’. नसबंदीची उद्दिष्टे ठरवून दिलेली असत त्या काळात नर्सबाई, शिक्षक, तलाठी सगळे ‘केस आणायला’ फिरत. आणली जाई ती जितीजागती बाई, तिच्या अंगात रक्त किती, तिला आधी काय त्रास, याची चौकशी मागाहून. ती उद्दिष्टे 1996 साली अधिकृतपणे बंद झाली. बोली तशीच राहिली.

आणि आपल्या संस्था? समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘केसवर्क’ ही पद्धत शिकवली जाते. मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ 1917 सालचे. त्या पुस्तकाने या पद्धतीला शिस्त दिली. प्रत्येक माणूस वेगळा, त्याची परिस्थिती नीट समजून घेतल्याशिवाय मदत करू नये, हा त्यातला धडा आजही मोलाचा आहे. पण कार्यालयात त्याचे काय झाले? केस आली, केस घेतली, केस क्लोज झाली. तिमाही अहवालात इतक्या आल्या, इतक्या सुटल्या. बाई सासरी परत गेली की ‘समझोता’ लिहून फाइल बंद. दोन महिन्यांनी ती पुन्हा दाराशी उभी राहिली तर तिला नवा नंबर. मार तोच, माणूस तोच, बाई तीच. अहवालात मात्र एक सुटलेली केस आणि एक नवी केस. अशा बेरजेतून आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, नोंदी ठेवायच्या, नाव गुप्त राखायचे, आकडे सरकारपुढे ठेवायचे, तर काही तरी शब्द लागणारच. हे म्हणणे रास्त आहे. शिवाय ‘केस’ या शब्दाने चळवळीला बळही दिले आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. 1979 साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1980 साली ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकांत हा निवाडा ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने छापला आहे. आरोपीचे नाव आहे, सरकारचे आहे, तिचे नाही. ‘मथुरा केस’ म्हणून तिला मध्यभागी आणले ते चळवळीने. तिथे ‘केस’ म्हणजे बाजू मांडणेच होते, तीही साऱ्या देशापुढे.

तेव्हा शब्द हद्दपार करा, असे माझे म्हणणे नाही. तो जपून वापरावा. त्यासाठी काही गोष्टी सुचवते. बाईशी पहिल्या भेटीत बोलताना ‘केस’ शब्द आपल्या बाजूने उच्चारू नये. अर्ज, नोंद, एफआयआर, पोटगी यांतला फरक कागद समोर ठेवून सांगावा. तिच्या पिशवीतला प्रत्येक कागद तिला वाचून दाखवावा आणि तो नेमका काय आहे ते त्याच्या मागे मराठीत लिहून द्यावे. नोंदवहीत नंबर जरूर असावा, पण आपापसांत बोलताना ‘माझी केस’ म्हणू नये. ती ‘माझी’ही नाही आणि केसही नाही. ‘क्लोज’च्या रकान्याआधी ‘तीन महिन्यांनी भेटलो का’ असा रकाना घालावा. आणि मारहाणीची प्रत्येक नोंद ‘कुणी मारले’ इथून सुरू करावी.

केसाने गळा कापणे म्हणजे गोड बोलून घात करणे, असे आपली भाषा सांगते. ‘केस करून काय मिळणार, पोरी?’ असे मायेने विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर द्यायचे, तर काय काय मिळू शकते हे आधी त्या पोरीला नीट, वेगवेगळ्या शब्दांत माहीत हवे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत एक तास त्यासाठी काढू या.